टाचणीच्या तक्रारी

४ जानेवारी

ताई,

साष्टांग नमस्कार घालायला कंबर तयार नाही, म्हणून बसल्या जागेवरून घालतो. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू "हं, हं" म्हणत दुसरंच काहीतरी करत असतेस हे मला पक्कं ठाऊक आहे. कागदावरचं मात्र नीट वाचतेस. म्हणून पत्र. आणि बातमी आधीच सांगून टाकतो, कारण माझ्याच्याने दम निघत नाही: माझं नाव यादीत येतंय!

कुठली यादी? तर आम्हा मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं एक मंडळ आहे. मुक्त म्हणजे काय हे मी तुला सोळा वर्षांपूर्वी सांगितलं होतं, विसरली असशील. प्रोग्राम लिहायचा आणि कुलूप न घालता चव्हाट्यावर ठेवायचा. कुणीही न्यावा, वापरावा, आतलं उघडून बघावं, सुधारावं, आणि सुधारलेलं परत सगळ्यांना द्यावं. तर हे मंडळ दर पाच वर्षांनी जगभरातून या कामातल्या सगळ्यात प्रभावी दहा माणसांची यादी काढतं. समारंभ असतो, मानपत्र असतं. कच्च्या यादीत मी तिसरा आहे. कशासाठी, तर 'उठाव'साठी!

तुझ्याच ब्रेल छापखान्यात तीन आठवडे ठाण मांडून लिहिलेला आपला 'उठाव'. साधा मजकूर दिला की त्याचे ब्रेलचे ठिपके करून यंत्राकडे पाठवणारा प्रोग्राम. आज तो एकेचाळीस देशांतले छापखाने वापरतात, ताई. एकेचाळीस!

खरं सांगू? मला हे हवंय. गेल्या वर्षी माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी माझी साहेब झाली. गुणी आहे, वागते नीट, पण लिफ्टमध्ये ती मला "सर" म्हणाली की मी बुटांकडे बघत राहतो. बाबा हयात असते तर हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाचलं असतं. "खटपट्या सुरू करतो, संपवत नाही" हे मी दहा हजार वेळा ऐकलंय.

आता तुझं काम. 'उठाव'चा जन्म पाहिलेल्या माणसाचं शिफारसपत्र लागतं. तू लिही, आणि हात सैल सोडून लिही.

जाता जाता एक गंमत. लोक जिथे प्रोग्रामच्या चुका कळवतात त्या नोंदवहीत 'टाचणी' या नावाने एक इसम आहे. चौदा वर्षं टोचतोय. अकराशेच्या वर तक्रारी! हे विरामचिन्ह हललं, ते जोडाक्षर फुटलं. मी चार वर्षांनी बाकीच्यांच्या हाती कारभार सोपवला, त्याचं अर्धं श्रेय या गृहस्थाला. बहुधा निवृत्त मास्तर असणार, वेळ जात नसलेला.

शिफारस लवकर पाठव.

तुझा
खटपट्या

१३ जानेवारी

प्रिय खटपट्या,

अभिनंदन. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा बहीण म्हणून आणि एकदा छापखान्याची व्यवस्थापक म्हणून. बहिणीला फार आनंद झाला. व्यवस्थापकबाई जरा अडून बसल्यात.

मी जे पाहिलं ते लिहून देईन. तू तीन आठवडे जेवणखाण विसरून खिडकीपाशी बसला होतास. पहिलं पान बरोबर उमटलं तेव्हा तू यंत्राला मिठी मारलीस आणि शर्टाला तेल लागलं. त्याआधी एक पाठ्यपुस्तक हाताने तयार करायला आम्हाला चार महिने लागायचे, नंतर दहा दिवस. त्यातलं एक अक्षरही मी कमी करणार नाही.

पण एक विचारते, रागावू नकोस. आज आमच्या यंत्रावर जो 'उठाव' चालतो त्यात तुझं किती उरलंय? तू बारा वर्षांत त्याला हात लावलेला नाहीस. मूल तुझं खरंच, पण ते वाढवलं कुणी?

आणि तुझा तो टोचणारा गृहस्थ. आमच्या छापखान्यात एक नियम आहे. टाचणीचा होकार आल्याशिवाय कुठलंही पुस्तक यंत्रावर चढत नाही. हा नियम मी केला. का केला ते आज लिहीत नाही.

मी टाचणीला ओळखते. कोण, कुठे, हे सांगायची मला परवानगी नाही, आधी विचारून घेते. तोवर तू एक कर. आपल्या अभिमानाची झापडं जरा बाजूला ठेव आणि त्या अकराशे तक्रारी वाच. सगळ्या नको, पन्नास वाच.

वहिनीला सांग, लोणच्याची बरणी परत करायची घाई नाही.

आशीर्वाद आहेतच.
ताई

२२ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं.

लहानपणापासून हेच. मी चित्रात बक्षीस आणलं तर तू म्हणायचीस, "झाडाची सावली उलट्या बाजूला पडलीय." सावली उलट्या बाजूला होती, मान्य आहे. पण बक्षीस मिळालेल्या दिवशी ते बोलायलाच हवं होतं का? भावाचं कौतुक करताना तुझ्या पोटात का दुखतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

बरं, तू म्हणतेस म्हणून हिशेब बघितला. 'उठाव'मध्ये कुणी किती ओळी लिहिल्या हे सगळं उघड असतं. माझ्या नऊ हजार. तुझ्या टाचणीच्या किती? दोनशे बारा. दोनशे बारा, ताई! बाकी सगळ्या नुसत्या तक्रारी. तक्रार करायला काय लागतं? उचलली जीभ लावली टाळ्याला. घर बांधणारा एक, आणि भिंत वाकडी आहे म्हणणारे शंभर. मानपत्र कुणाला द्यायचं?

मंडळाचा नियमही तेच म्हणतो. ज्यांनी कोड लिहिला त्यांचाच विचार होतो. हा नियम मी केलेला नाही.

तुला शिफारस करायची नसेल तर नको करूस. मी दुसरं कुणी बघतो.

खटपट्या

२ फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,

पोटात दुखत नाही रे. दुखतं ते वेगळ्या ठिकाणी, आणि चौदा वर्षं दुखतंय. आज सांगून टाकते.

टाचणी ही बाई आहे. निवृत्त मास्तर नाही. माझ्या टेबलापासून आठ पावलांवर बसते. ती आमची मुद्रितशोधक. सहा वर्षांची असताना तापात तिची दृष्टी गेली. छापून आलेलं प्रत्येक पान ती बोटांनी वाचते आणि चूक सापडली की तिथे कागदाला टाचणी लावते. नाव त्यावरून पडलं. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या कॉम्प्युटरचा हेडफोन कानाला लावून ती तुमच्या नोंदवहीत लिहिते.

ती आमच्याकडे आली त्याला पंधरा वर्षं झाली. वर्षभरातच ती मला म्हणाली, "बाई, तुमच्या भावाचा प्रोग्राम दीडचा घोटाळा करतो. एक आणि एक-द्वितीयांश यांच्यामधली जागा खातो. हाताला 'अकरा भागिले दोन' लागतं." मी म्हटलं, नीट वाच. तिने तुम्हाला नोंद लिहिली. तुमच्याकडून उत्तर आलं की चूक नाही. मी तुला फोनही केला होता, आठवतंय का? तू घाईत होतास. "छे ग, प्रोग्राम बरोबर आहे, तिला वाचता येत नसेल," म्हणालास. मी तुझ्यावर विश्वास ठेवला. तू माझा भाऊ, शिकलेला, आणि ती नवीन आलेली मुलगी.

त्याच आठवड्यात आम्ही मुलांच्या खोकल्याच्या औषधाची माहितीपत्रकं छापली. दीड चमचा.

आठ दिवसांनी एका बाईंचा फोन आला. त्यांना दिसत नव्हतं, मुलगा तीन वर्षांचा. त्या म्हणाल्या, "इथे अकरा भागिले दोन चमचे लिहिलंय. साडेपाच? एवढ्या लहान मुलाला?" त्यांनी विचारलं म्हणून मूल वाचलं. सहाशे पत्रकं मी आणि टाचणीने घरोघर फिरून परत गोळा केली. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. जिना चढताना फक्त म्हणाली, "बाई, पुढच्या वेळी माझ्या बोटांचं ऐका."

मी हे तुला कळवलं नाही. तू खचशील म्हणून. आता वाटतं, तेव्हाच सांगायला हवं होतं.

टोपणनावाचं कारणही तिने सांगायला परवानगी दिली आहे. सुरुवातीला एकदा तिने खऱ्या नावाने, दिसत नाही हे सांगून, दुसऱ्या एका प्रोग्रामची चूक कळवली होती. वीस लोकांनी तिच्या जिद्दीचं कौतुक केलं आणि चूक तशीच ठेवली. तेव्हापासून टाचणी.

मी तिला विचारलं, तुला त्या यादीत यावंसं वाटतं का? मला वाटलं, लाजेल, नको म्हणेल. ती म्हणाली, "हवंय की. का नको? दोनदा अर्ज केलाय मी. दोन्ही वेळा 'आपण कोड लिहीत नाही' असं उत्तर आलं. तुमच्या भावाला बक्षीस मिळालं तर मला राग नाही. पण मला मिळालं नाही तर आहे."

शिफारसपत्र सोबत जोडलंय. तुझंच आहे, खरं आहे, वापर. पुढचं तू ठरव.

ताई

१८ मार्च

ताई,

सहा आठवडे उत्तर दिलं नाही. फोन उचलला नाही. तू हिच्याकडे चौकशी केलीस तेव्हा मी बाजूलाच होतो.

मी त्या तक्रारी वाचल्या. पन्नास नाही, अकराशे त्रेचाळीस. रोज ऑफिसला जाण्याआधी तास-दीड तास, पहिलीपासून ओळीने. बाराव्या नोंदीला पोचलो आणि उठून गॅलरीत गेलो. दीडचीच नोंद. मुद्देसूद, उदाहरणासकट. खाली माझं उत्तर होतं: "वापरणाऱ्याची चूक. बंद." त्या तीन शब्दांखाली माझं नाव आहे, तारीख आहे, आणि मला ते लिहिल्याचं आठवतसुद्धा नाही. पुढे तिने तीच चूक पुन्हा नोंदवली, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी ती सुधारली.

त्यानंतर वाचणं सोपं नव्हतं, पण सोडवेनाही. ताई, या तक्रारी नाहीत ग. प्रत्येक नोंदीत तिने काय उमटायला हवं होतं, काय उमटलं आणि आतला कुठला नियम चुकला हे लिहिलंय. एका परक्या देशातल्या छापखान्याने मदत मागितली, तर तिने त्यांच्या लिपीचे ठिपके आधी शिकून घेतले आणि मग चूक शोधली. अशा एकोणीस भाषा! नवीन पोरं यायची, बिचकायची. ती त्यांना सोपी चूक निवडून द्यायची, पहिली दुरुस्ती हात धरून करून घ्यायची. आज 'उठाव' सात जण सांभाळतात. त्यातल्या पाच जणांची या कामातली पहिली दुरुस्ती टाचणीच्या नोंदीवरची आहे. प्रभाव म्हणजे आणखी काय असतं?

आणि माझ्या नऊ हजार ओळी? त्यातल्या आज चारशे शिल्लक आहेत. मोजल्या.

मग मी मंडळाच्या अध्यक्षांना भेटलो. सभ्य, गोलमटोल गृहस्थ, टेबलावर कागद काटकोनात लावून ठेवणारे. म्हटलं, माझं नाव काढा, टाचणीचं घाला. त्यांनी नियमावर बोट ठेवलं. "आपला मोठेपणा आहे. पण कोड दोनशे बारा ओळी. आम्ही काय दाखवणार?"

मी म्हटलं, "मला सभेत वीस मिनिटं द्या. मी दाखवतो."

मी काय केलंय ते ऐक. 'उठाव'ची एक प्रत घेतली आणि तिच्या नोंदींमुळे झालेली प्रत्येक दुरुस्ती त्यातून काढली. बाकी सगळं आजचं. पाच रविवार गेले. सभा ९ एप्रिलला आहे. त्यांच्यासमोर एकच मजकूर दोन्ही प्रतींवर छापायचा आणि मोठ्याने वाचून घ्यायचा. मला तुझं लहान यंत्र हवंय, आणि अस्खलित ब्रेल वाचणारं माणूस. टाचणी स्वतः नको, तिला चुका पाठ आहेत. ती यावी मात्र. येईल का?

तू बोललीस ते लागलं होतं. लागायलाच हवं होतं.

खटपट्या

२६ मार्च

प्रिय खटपट्या,

तुझं पत्र मी टाचणीला वाचून दाखवलं. मध्ये मला दोनदा थांबावं लागलं, माझाच चष्मा धुरकटत होता. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पाच रविवार घालवून माझं काम पुसलं म्हणायचं! आजवर इतक्या काळजीने कुणी ते वाचलं नव्हतं." मग म्हणाली, "त्यांना सांगा, येते. आणि बारावी नोंद अजून 'बंद' आहे, ती आधी उघडायची."

लहान यंत्र आमचा यंत्रचालक घेऊन येईल. यंत्राची झाकणाकडची बाजू खाली टेकवू नकोस, कागद अडकतो. परीक्षेची पुस्तकं यंत्रावर आहेत, त्यामुळे मला इथून हलता येणार नाही. जीव मात्र तिकडे असेल.

वाचायला आमच्या ओळखीच्या एका वकीलबाईंना विचारलंय. त्यांचे सगळे खटल्याचे कागद आम्हीच ब्रेलमध्ये छापतो. जन्मापासून दिसत नाही, आवाज असा की न्यायाधीशसुद्धा सरळ बसतात. त्यांना आधी काहीही सांगितलेलं नाही. फक्त एवढंच, की जे हाताला लागेल तेच वाचायचं, मनाने दुरुस्त करायचं नाही. त्या म्हणाल्या, "मी कधीच काही मनाने दुरुस्त करत नाही. म्हणून तर समोरचे वकील मला घाबरतात."

मजकूर कुठला घेणार? माझं ऐकशील तर औषधाचं पत्रक घे. आपल्या दोघांसाठी.

झाल्यावर लगेच लिही. फोन नको. मला ते परत परत वाचायचंय.

ताई

१० एप्रिल

ताई,

जिंकलो! आता क्रमाने सांगतो.

लांबट खोली, नऊ सभासद, पाण्याचे पेले. यंत्र मधल्या टेबलावर. टाचणी भिंतीशी बसली होती, मांडीवर हात, पाठ ताठ. मी पहिल्यांदाच तिला पाहत होतो. तिच्यासमोर फोन उघडून म्हटलं, "बारावी नोंद उघडली. खाली लिहिलंय: चूक माझी होती, वापरणाऱ्याची नव्हती."

"तारीख घातलीत?"

"घातली."

"बरं," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

मग यंत्र सुरू झालं. तो खडखडाट त्या गुळगुळीत खोलीत असा घुमला की एका सभासदाने पेला धरून ठेवला. पहिलं पान निघालं, टाचणीशिवायच्या 'उठाव'चं. वकीलबाईंनी बोटं टेकवली आणि वाचायला लागल्या, खणखणीत आवाजात.

"रकतदाबाची गोळी. सकाळी ब गोळ्या." थांबल्या. "ब गोळ्या म्हणजे काय?"

मी सभासदांना सांगितलं, "ब्रेलमध्ये आकडे आणि काही अक्षरं यांचे ठिपके सारखेच असतात. आधी अंकाची खूण लागते. सुट्या आकड्याआधीची ती खूण गळली की 'दोन'चा 'ब' होतो, 'तीन'चा 'च'."

दोघं हसले. वकीलबाई हसल्या नाहीत. "पुढे. लहान मुलांचं खोकल्याचं औषध. मात्रा, दिवसातून च वेळा, अकरा भागिले दोन चमचे." त्यांनी पान खाली ठेवलं आणि तोंड अध्यक्षांच्या दिशेला वळवलं. "म्हणजे साडेपाच. हे ज्यांनी छापलं त्यांच्यावर मी खटला भरीन."

कुणी हसलं नाही. 

दुसरं पान निघालं. त्याच बाई, तोच मजकूर. "रक्तदाबाची गोळी. सकाळी दोन गोळ्या. लहान मुलांचं खोकल्याचं औषध. मात्रा, दिवसातून तीन वेळा, दीड चमचा." एका दमात, एकदाही न अडखळता.

अध्यक्ष पुढे झुकले. "दोन्ही पानांत फरक काय आहे?"

"या बाई," मी म्हटलं, आणि टाचणीकडे हात केला.

तरी एक तरुण सभासद अडलाच. "पण चुका दाखवल्या यांनी, दुरुस्त केल्या दुसऱ्यांनी. मग श्रेय त्यांचं नाही का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात टाचणी उभी राहिली. "साहेब, चुकीचं पान सगळ्यांनाच चुकीचं लागतं. ते कुठल्या नियमामुळे चुकलं हे शोधायला मला कधी चार दिवस लागलेत. तुमच्या पोरांना ते सुधारायला चार मिनिटं. चार मिनिटांचं श्रेय त्यांना द्याच, मी नाही म्हणत नाही. माझ्या चार दिवसांचं काय करता ते सांगा."

तो मुलगा (मुलगाच म्हणायचा, तिशीचाही नसेल) लाल झाला. मग, शाबास त्याची, म्हणाला, "मी माझा प्रश्न मागे घेतो."

अध्यक्षांनी कागद काटकोनात लावले, घसा साफ केला आणि तोडगा सुचवला: तिसरा क्रमांक दोघांना विभागून द्यावा. मी नको म्हणायच्या आत टाचणी म्हणाली, "विभागून नको. द्यायचं तर पुरतं द्या, नाहीतर राहू द्या."

मतं घेतली. नऊपैकी आठ. नवव्याने हात वर केला नाही, पण नंतर येऊन तिच्या नोंदी कुठे वाचायला मिळतील हे विचारून गेला. आणि नियमातला 'कोड' हा शब्दच काढला. आता लिहिलंय, ज्यांच्यामुळे सॉफ्टवेअर चांगलं झालं त्यांचा विचार होईल. पुढच्या यादीसाठी लगेच नावं सुरू झाली: पुस्तिका लिहिणारे, भाषांतर करणारे, नवख्यांना उत्तरं देणारे. इतकी वर्षं ही माणसं कुणालाच दिसत नव्हती.

तुझ्यापासून काय लपवू. अध्यक्षांनी यादीतलं माझं नाव खोडलं तेव्हा पेनाचा आवाज मला आला. टोचलं. पण खाली येऊन यंत्र गाडीत चढवताना मी शीळ घालत होतो, असं तुझा यंत्रचालक सांगतो. आणि एक, कालपासून मी 'उठाव'च्या कामावर परत रुजू झालोय. त्या सातांच्या जोडीला आठवा. सगळ्यात नवखा म्हणून त्यांनी मला सोपी चूक निवडून दिली. आजचा पुरा दिवस लागला. केली.

तुझा
खटपट्या

२१ जून

प्रिय खटपट्या,

समारंभ तू शेवटच्या रांगेत उभा राहून पाहिलास, त्यामुळे तो सांगत नाही. तू डोळे पुसत होतास हेही सांगत नाही. तुझं मागचं पत्र मी इतक्या वेळा वाचलंय की घड्यांवर फाटलं. मी तुझं कौतुक करत नाही म्हणतोस ना? मग ऐक. त्या दिवशी सभागृहात तीन बायकांनी मला विचारलं, "त्यांना शोधून काढणारा तो कोण?" तिघींनाही मी सांगितलं, "माझा धाकटा भाऊ." चौथीला न विचारताच सांगितलं.

पण तू गेल्यावर इथे जे झालं ते तुला कळायलाच हवं.

काल छापखान्यात टपालाचं पोतं आलं. खरंच पोतं. 'उठाव' वापरणाऱ्या छापखान्यांनी आपापसात ठरवून प्रत्येकी एक पान ब्रेलमध्ये छापून टाचणीच्या नावे पाठवलेलं. एकतीस पाकिटं. तिने टेबल मोकळं करायला सांगितलं आणि एकेक पान घेऊन बसली. कामं सोडून सगळे भोवती. आपल्या भाषेतली नसलेली पानं ती नुसती उच्चार करून वाचत होती. अर्थ तिलाही कळत नव्हता, आम्हालाही नाही, पण प्रत्येक पानात एक शब्द सारखा यायचा आणि तिथे ती थांबायची. तो शब्द म्हणजे तिचं नाव. टाचणी नव्हे, खरं, आडनावासकट. एकतीस पानांवर. कुठे त्याला शेपूट फुटलं होतं, कुठे शेवटचं अक्षर गिळलं होतं. दर वेळी ती बोट परत मागे न्यायची आणि हसायची.

यंत्रचालकाने विचारलं, "चूक असेल तिथे टाचणी लावू का?"

ती म्हणाली, "आज नको. आज त्यांना कसंही लिहू दे."

संध्याकाळी आम्ही दोघी बसने घरी निघालो. समारंभात मिळालेलं मानचिन्ह तिने सगळ्यांना दाखवायला आणलं होतं; ते तिने पिशवीत घालू दिलं नाही, मांडीवर उघडंच धरलं होतं, चांगलं थाळीएवढं. तिकीट देताना कंडक्टर थबकला. "काय हो बाई, कशाचं एवढं मोठं?"

"जगातल्या पहिल्या दहांत आले," ती म्हणाली.

"अरे वा! कशात?"

"चुका काढण्यात."

कंडक्टर मागे वळून सगळ्या बसला ओरडून म्हणाला, "ऐकलंत का, यांचा चुका काढण्यात जगात नंबर आलाय!" पुढून एका आजोबांचा आवाज आला, "मग आमच्या हिचा कसा नाही आला?" सगळी बस हसली. मी हसले. टाचणी इतकी हसली की तिला मानचिन्ह दोन्ही हातांनी धरावं लागलं. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता अख्ख्या बसने.

आमचा थांबा आला तरी टाळ्या थांबल्या नव्हत्या.

तुझी
ताई